तळवे हलू नयेत : औंधच्या सूर्यनमस्काराची तीन वाचने

१

सूर्यनमस्कार हा विषय आरोग्याच्या पुरवणीतला. वाङ्मयीन अंकाच्या संशोधन विभागात त्याचे काय काम, असे वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. मलाही सुरुवातीला तसेच वाटले होते. मी शोधत होतो ती माहिती अगदी घरगुती होती. पन्नाशीनंतर कंबर धरू लागली, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. शेजारचे कोणी पिलाटीजच्या वर्गाला जा म्हणाले, कोणी योगवर्गाला. तेव्हा शाळेत घातलेले नमस्कार आठवले आणि त्यांचे मूळ पुस्तक एकदा नीट वाचावे, असे मनात आले. ते वाचताना लक्षात आले की मराठी वाङ्मयात या एका व्यायामाभोवती तीन अगदी वेगळ्या प्रकारचे लेखन उभे आहे. औंधच्या राजाची आरोग्यपुस्तिका, आचार्य अत्र्यांचे प्रहसनवजा नाटक आणि व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी ही तिन्ही एकमेकांशेजारी ठेवून आपण वाचत नाही. तशी वाचली, तर शरीर आणि मन एकत्र कामाला लावणाऱ्या व्यायामातून खरोखर काय मिळते, कोणाला मिळते आणि कोणत्या अटीवर मिळते, या प्रश्नांची बरीच उत्तरे त्यांत सापडतात. ती उत्तरे परस्परांना छेद देतात, म्हणूनच हा लेख.

हा मुलूख सातारा आणि सांगलीचा आहे, हेही आधीच सांगितले पाहिजे. औंध हे गाव सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात. पण औंध संस्थान एका तुकड्यात नव्हते. बहात्तर गावांचे हे राज्य विखुरलेले होते. त्यातले आटपाडी आणि कुंडल हे भाग आज सांगली जिल्ह्यात येतात, तर गुणदाळचा तुकडा विजापूरच्या बाजूला होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली ज्या माळावर कारखाना उभारला, तो माळही याच संस्थानचा. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी दोन कोल्हापूरच्या हद्दीत सोडले, तर बाकीचे सारे सातारा-सांगलीतच आहेत. समर्थ रोज बाराशे नमस्कार घालत, ही आख्यायिका इथल्या प्रत्येक शाळकरी पोराने ऐकलेली असते. तिचा ऐतिहासिक खरेपणा तपासणे हा या लेखाचा विषय नाही. मात्र बाराशे हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण नमस्काराबरोबर आकडा येतो आणि आकड्याबरोबर बऱ्याच अडचणी येतात.

२

भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. १९०९ साली ते औंधच्या गादीवर आले. डेक्कन कॉलेजात शिकलेला, स्वतः चित्रे काढणारा, कीर्तने करणारा हा राजा होता. त्यांनी चित्रांतून रामायण सांगितले, भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला मोठा हातभार लावला आणि मूळपीठाच्या डोंगरावर, यमाईच्या देवळाच्या वाटेवर, वस्तुसंग्रहालय उभारले. राजा रविवर्म्याची चित्रे आणि हेन्री मूरचे शिल्प एकाच छताखाली पाहायला मिळावे असे ते ठिकाण आहे. या माणसाची नजर चित्रकाराची होती, हे पुढच्या विवेचनासाठी महत्त्वाचे आहे.

बाळासाहेब नमस्काराकडे थेट परंपरेतून आले, असे सहज समजले जाते. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. तरुणपणी त्यांनी युजेन सँडोची साधने आणि पुस्तक मिळवून सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने मेहनत केली. सँडो हा त्या काळातला जगप्रसिद्ध बलभीम. स्नायू कसे घडवावेत, आरशात कसे पाहावेत, छाती-दंडाची मापे कशी ठेवावीत, हे त्याने साऱ्या जगाला शिकवले. नमस्कार बाळासाहेबांच्या घरात वडिलांपासून होतेच. पण ते निष्ठेने धरले ते मिरजेचे अधिपती गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धन यांच्या आग्रहावरून. म्हणजे औंधचा नमस्कार मिरजेवरून आला आणि सँडोच्या वाटेने आला. १९२८ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले तेव्हा ते साठीत होते. नमस्कारांचा मूकपटही त्यांनी करवून घेतला. १९३६ साली ते इंग्लंडला गेले, तेव्हा लंडनच्या ‘न्यूज क्रॉनिकल’मधल्या लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांच्यावर लिहिले. मॉर्गनबाईंनीच संपादित केलेले ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक १९३८ साली लंडनला प्रसिद्ध झाले. नावातले दहा म्हणजे नमस्काराच्या दहा अवस्था.

याच काळात औंधात पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर राहत होते. १९१८ पासून त्यांचे स्वाध्याय मंडळ तिथे चालू होते आणि वेदांच्या संपादनाबरोबर आसनांवर व व्यायामावर त्यांचे लेखन सुरू होते. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढून आसनांची प्रयोगशाळेत तपासणी आरंभली होती. म्हैसूरच्या राजवाड्यात कृष्णम्माचार्य १९३० नंतरच्या दशकात योगशाळा चालवत होते. तिथे सूर्यनमस्काराचे वर्ग योगवर्गाहून वेगळे चालत. आज जगभरच्या योगवर्गांची सुरुवात सूर्यनमस्काराने होते आणि ती जणू पतंजलीपासून चालत आली असे सांगितले जाते. नव्वद वर्षांपूर्वी नमस्कार हा व्यायाम होता आणि योग ही दुसरी गोष्ट होती. त्यांची सोयरीक अलीकडची आहे. त्यामुळे नमस्काराचे मोल कमी होत नाही. उलट, तो माणसांनी घडवलेला, सुधारलेला आणि म्हणून पुन्हा तपासता येण्यासारखा व्यायाम आहे, हे कळल्याने मोकळेपणा येतो.

३

आता पुस्तकाकडे. बाळासाहेबांच्या लेखनात दोन आवाज आहेत आणि ते एकमेकांशी भांडतात, असे माझे वाचन आहे.

पहिला आवाज प्रचारकाचा. हा आवाज फलश्रुती सांगतो. पचन सुधारते, कांती सुधारते, म्हातारपण लांबते, बाळंतपण सोपे होते, रोग दूर राहतात. व्रतकथेच्या शेवटी येणारी फलश्रुती आणि त्या काळच्या जाहिरातीतली टॉनिकची हमी, या दोन्हींचा सूर त्यात मिसळला आहे. या आवाजाला संख्या प्रिय आहे. राजेसाहेब स्वतः रोज तीनशे नमस्कार घालत, हे त्यांचे सर्वांत गाजलेले प्रमाणपत्र. आपण साधा हिशेब करू. एका नमस्काराला बारा सेकंद धरले, तर तीनशे नमस्कारांना बरोबर एक तास लागतो. बारा सेकंदांत दहा अवस्था, म्हणजे एका अवस्थेला सव्वा सेकंदही येत नाही. ज्याला वर्षांनुवर्षांचा सराव आहे आणि ज्याच्या दिवसाचा तो तास कोणी मागत नाही, त्याला हे जमेल. नवशिक्याच्या हाती मात्र एवढ्या वेगात फक्त आकडा उरतो.

दुसरा आवाज चित्रकाराचा. तो हळू बोलतो आणि शरीराच्या रेषा पाहतो. दुसऱ्या अवस्थेत तळवे जमिनीला टेकले की नवव्या अवस्थेपर्यंत ते जागचे हलता कामा नयेत, गुडघे वाकू नयेत, पाचव्या अवस्थेत कपाळ, छाती, गुडघे आणि चवडे जमिनीला लागावेत पण पोट लागू नये, ते आत ओढलेले असावे. अशा सूचना तिथे आहेत. वाचताना त्या किरकोळ वाटतात. करून पाहिल्यावर कळते की सगळा व्यायाम त्यांतच आहे.

तळव्यांचे घ्या. हात एका जागी खिळले की शरीराला त्यांच्याभोवती स्वतःची मांडणी करावी लागते. पाऊल पुढे आणताना ते दोन तळव्यांच्या मध्ये आलेच पाहिजे. आले नाही, तर चूक कुठे झाली ते आपले आपल्यालाच कळते. कंबर उचलली गेली नाही, की श्वास सोडला नाही, की मांडीची मागची शीर आखडली आहे, याचा शोध शरीराला घ्यावा लागतो. हात हलवून जागा करून घेतली की तो शोध संपला. शाळेत मी नेमके तेच करत असे. मैदानावर शिटीवर नमस्कार होत. शिटी वाजली की पुढची अवस्था. तळवे सरकवून, पोट जमिनीवर टाकून, क्षणभर विश्रांती घेऊन मी शिटीला गाठत असे. माझे पंचवीस नमस्कार कागदोपत्री पूर्ण होत, अंगाला त्यांतले दोनही लागत नसत. चाळीस वर्षांनी पुस्तकातले ते वाक्य वाचताना मला माझी शाळकरी लबाडी आठवली आणि थोडे हसूही आले.

पोटाचे तसेच. साष्टांगात पोट वर धरायचे तर दंड, खांदे, पाठ आणि पोटाचे आतले स्नायू एकदम कामाला लागतात आणि कमरेचा कणा लोंबकळत नाही. हीच गोष्ट त्याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला योझेफ पिलाटीज हा जर्मन माणूस सांगत होता. १८८३ साली जन्मलेला, पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या नजरकैदेत राहिलेला आणि पुढे न्यूयॉर्कला स्थायिक झालेला हा माणूस आपल्या पद्धतीला ‘कंट्रोलॉजी’ म्हणे. म्हणजे नियंत्रणविद्या. १९४५ साली त्याचे ‘रिटर्न टू लाइफ थ्रू कंट्रोलॉजी’ हे पुस्तक निघाले. त्यात चौतीस व्यायाम आहेत. सारी हालचाल पोट-कमरेच्या पट्ट्यातून निघावी आणि थोड्याच आवर्तनांत ती अचूक व्हावी, यावर त्याचा भर. बाळासाहेब आणि पिलाटीज एकमेकांना ओळखत असल्याचे काही दिसत नाही. पण दोघेही सँडोच्या युगात वाढले होते. स्नायू फुगवण्याच्या त्या युगातून दोघेही शेवटी लक्ष एकाग्र करण्यापाशी आले, हे साम्य मला योगायोगाहून जास्त वाटते. फरक एवढाच की पिलाटीजने आवर्तने कमी ठेवली आणि राजेसाहेबांना तीनशेचा मोह सुटला नाही.

मंत्रांबद्दलही असेच म्हणता येईल. प्रत्येक नमस्काराआधी ह्रां, ह्रीं, ह्रूं असे बीजोच्चार आणि मित्र, रवी, सूर्य, भानू या क्रमाने सूर्याची नावे येतात. या ध्वनींचा शरीराच्या निरनिराळ्या भागांवर परिणाम होतो, असा पुस्तकाचा दावा आहे. तो दावा बाजूला ठेवू. माणूस श्रद्धाळू असो वा नसो, उच्चाराचा एक साधा उपयोग मला रोज दिसतो. दम लागला असेल तर दीर्घ ‘ह्रां’ पुरा होत नाही, मध्येच तुटतो. म्हणजे मंत्र हा वेगावरचा लगाम आहे. आवाज तुटला की थांबायचे, श्वास जागेवर आला की पुढचा नमस्कार. ज्याला देवाचे नाव नको असेल, त्याने अंक मोठ्याने म्हटला तरी लगाम तोच राहील. शिटीवर नमस्कार घालताना हा लगाम प्रथम सुटतो, कारण शिटीला कोणाच्याच दमाशी देणेघेणे नसते.

या दुसऱ्या आवाजावरही एक आक्षेप घ्यावा लागतो. गुडघे ताठ ठेवण्याचा हट्ट सगळ्यांना सोसत नाही. मांड्यांच्या मागच्या शिरा आखडलेल्या माणसाने गुडघे ताठ ठेवून तळवे टेकवायचे म्हटले, की तो कमरेतून ओढ घेतो आणि असलेले दुखणे वाढवून बसतो. आजचे जाणते शिक्षक अशांना गुडघे किंचित वाकवायला सांगतात, मनगट दुखणाऱ्याला हातांखाली ठोकळे देतात, रक्तदाब वाढलेल्याला डोके खाली नेण्याआधी वैद्यकीय सल्ला घ्यायला लावतात. चित्रकाराच्या डोळ्याला सरळ रेषा हवी असते. सगळ्यांची शरीरे तिच्यात बसत नाहीत.

४

पुस्तकातल्या पहिल्या आवाजाला मराठीत उत्तर मिळाले ते रंगभूमीवर. १९३३ साली बालमोहन नाटक मंडळीने अत्र्यांचे ‘साष्टांग नमस्कार’ रंगभूमीवर आणले. नाटकातले रावबहादूर नमस्काराच्या वेडाने झपाटलेले आहेत. कोणताही रोग असो, उपाय एकच. त्या घरात आणखी माणसे आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचे वेड आहे. अत्र्यांची विनोदाची युक्ती इथे सरळ आहे. एकेका वेडाला ते दुसऱ्या वेडाशेजारी उभे करतात आणि सगळी सारखीच दिसू लागतात.

हे नाटक व्यायामाची टिंगल करते, असे ढोबळपणे म्हटले जाते. मला ते पटत नाही. अत्रे शिक्षणशास्त्र शिकलेले, शाळा चालवलेले गृहस्थ. व्यायामाविरुद्ध त्यांचे काही वैर असण्याचे कारण नाही. त्यांचा हल्ला आहे तो रामबाणपणावर. एका गोष्टीत सर्व प्रश्नांचे उत्तर सापडले की माणूस पाहायचे थांबतो. रावबहादूर दुसऱ्याचे शरीर पाहत नाहीत, त्याचे दुखणे ऐकत नाहीत, आपल्या घरात काय चालले आहे हेही त्यांना दिसत नाही. ज्या व्यायामाचा सारा अर्थ लक्ष देण्यात आहे, त्याचाच उपासक इतका बेसावध असावा, ही या नाटकातली खरी गंमत आहे. समीक्षकांनी ‘साष्टांग नमस्कार’ची चर्चा प्रहसन म्हणून, गाण्यांसाठी आणि अत्र्यांच्या कारकिर्दीचा आरंभ म्हणून केली. आरोग्यविषयक प्रचारवाङ्मयावरची टीका म्हणून ते फारसे वाचले गेले नाही. बाळासाहेबांच्या पुस्तकातल्या फलश्रुतीशेजारी ठेवले, की ते तसे आपोआप वाचले जाते.

आजच्या योगवर्गांतही रावबहादूर भेटतात. तीस दिवसांत मधुमेह घालवू, औषधे सोडा, असे सांगणारा आवाज त्यांचाच आहे. नियमित व्यायामाने रक्तशर्करा आटोक्यात राहायला मदत होते, हे खरे. पण मदत होणे वेगळे आणि औषध बंद करणे वेगळे. फलश्रुतीचा आवाज हा भेद पुसतो. अत्र्यांचा विनोद तो पुन्हा दाखवून देतो, यासाठी तो नव्वद वर्षांनीही उपयोगी आहे.

५

तिसरे लेखन सर्वांत शांत आहे आणि माझ्या मते सर्वांत खोल जाणारे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने आली. कादंबरी घडते माणदेशात, औंध संस्थानच्या अमलाखालच्या एका धनगरवस्तीत. तिथे नेमला गेलेला तरुण मास्तर, त्याची एकशिक्षकी शाळा, गावचा कारभारी, मेंढरे, माळ. या कथेच्या मध्यभागी एक तालीम आहे. मास्तरच्या पुढाकाराने गाव स्वतः राबून ती बांधतो आणि तिच्या उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात.

माडगूळकर बंधूंचे गाव आटपाडी भागातले. हा राजा आणि हा मुलूख त्यांना आतून माहीत होता. म्हणून त्या प्रसंगात ना खुशामत आहे, ना उपहास. एक वयस्क राजा आडवाटेच्या वाडीवर व्यायामशाळा पाहायला येतो, याचे अप्रूप गावाला आहे. तालमीच्या भिंतींत प्रत्येकाच्या घामाचा वाटा आहे, हे त्याहून महत्त्वाचे.

इथे एक फरक नोंदवला पाहिजे. तालीम आणि नमस्कार या दोन भिन्न संस्था आहेत. नमस्काराला माणसाच्या उंचीएवढी जमीन पुरते. दुसऱ्या माणसाची गरज नाही. तालमीला लाल मातीचा हौदा लागतो, जोर-बैठका काढणारी पोरे लागतात, वस्ताद लागतो, जोडीदार लागतो आणि खुराक लागतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमधून कांस्यपदक घेऊन आले. त्या प्रवासासाठी गावोगावच्या लोकांनी वर्गणी दिली होती. तालमीतून घडलेले शरीर असे अनेकांच्या देण्यावर उभे राहते. बाळासाहेबांनी पुस्तकात जो व्यायाम सांगितला तो एकट्याने करायचा आहे. त्यांच्या राज्यातल्या वाडीने, माडगूळकरांच्या कादंबरीत, मिळून करायचा व्यायाम निवडला.

आणि मग पाऊस पडत नाही. कादंबरीचा शेवट ज्यांनी वाचला आहे त्यांना तो विसरता येत नाही. दुष्काळाने मेंढरे मरतात, माणसे एकेक करून वस्ती सोडतात, गाव रिकामे होते. मागे शाळा राहते, तालीम राहते. तिच्यात घुमायला कोणी नाही.

‘बनगरवाडी’ हा आरोग्यावरचा ग्रंथ नाही आणि माडगूळकरांनी कुठलेही मत मांडलेले नाही. पण राजेसाहेबांच्या पुस्तकानंतर ती वाचली की एक प्रश्न टाळता येत नाही. पुस्तक आहारावरही बोलते, काय खावे काय टाळावे ते सांगते. निवडीला काही असेल, तर हा सल्ला चालतो. आटपाडी, माण, खटाव हे पर्जन्यछायेतले तालुके. ज्या घरात भाकरी आणि मिरची हीच निवड आहे आणि जिथले शरीर दिवसभर मेंढरांमागे चालून आधीच थकलेले आहे, त्याला आणखी पंचवीस नमस्कार कशासाठी? शरीर-मनाच्या व्यायामाची सगळी भाषा, मग ती औंधची असो, न्यूयॉर्कची असो की आजच्या सांगलीतल्या वातानुकूलित वर्गाची, बसून काम करणाऱ्या आणि पोटभर जेवणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून घडली आहे. ती त्याच्यासाठी खरी आहे. सर्वांसाठी खरी आहे असे तिने म्हणू नये.

६

एक गाठ मात्र सुटत नाही आणि ती सोडवल्याचा आव मी आणणार नाही. औंधच्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे होते. हेच संस्थान १९३९ साली, गांधीजींच्या सल्ल्याने, राजाची सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना स्वीकारते. त्याच वर्षी मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसते. तिथे कैद्यांना कुंपण नाही, साखळी नाही. शेती करायची, विश्वासावर राहायचे. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आंखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटामागे हाच प्रयोग आहे. शिक्षा झालेल्या माणसाला मोकळे सोडले तर तो आपणहून सुधारेल, यावर ज्या राजाचा विश्वास होता, त्याला शाळकरी पोरगा आपणहून नमस्कार घालील यावर का विश्वास ठेवता आला नाही?

राजेसाहेबांच्या बाजूने बोलायचे तर, त्यांची पिढी प्लेग आणि दुष्काळ पाहिलेली होती. हिंदी माणूस दुबळा, हे परक्यांनी केलेले वर्णन ऐकत ती वाढली. पोरांची छाती रुंद व्हावी, ही तिला राष्ट्रीय निकड वाटे. शिवाय सवय लागेपर्यंत थोडी सक्ती हवी, असे कोणतीही आई म्हणेल. हे मान्य करूनही मला वाटते की सक्तीने आकडा मिळतो, अवधान मिळत नाही. माझ्या शाळेतली शिटी माझ्याकडून पंचवीस नमस्कार काढून घेऊ शकली. तळवे जागेवर ठेवायला ती मला शिकवू शकली नाही, कारण ते फक्त माझे मला पाहता येते. सामूहिक नमस्कारांच्या विक्रमांबद्दल, रथसप्तमीच्या एकशे आठच्या स्पर्धांबद्दल, आणि मंत्रासह की मंत्राविना या आजच्या वादांबद्दलही माझे म्हणणे इतकेच आहे. ज्याने त्याने मनापासून घातला तरच तो नमस्कार. एरवी ती कवायत.

बाळासाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत पुढे राजदूत झाले. १९७० साली त्यांनीही सूर्यनमस्कारावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. वडिलांच्या पुस्तकात छातीचे माप आणि रोगमुक्ती पुढे आहे. मुलाने त्याच दहा अवस्थांकडे अधिक अंतर्मुख नजरेने पाहिले. एका घरात, एका पिढीच्या अंतराने, व्यायामाचा साधना होण्याकडे झालेला हा प्रवास आहे. त्यासाठी दहापैकी एकही अवस्था बदलावी लागली नाही.

७

या तीन वाचनांतून माझ्या हाती काय आले, ते सांगून थांबतो. अत्र्यांकडून मी हे घेतले की नमस्कार हा नमस्कारच आहे, औषध नाही. कंबरेसाठी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांनी सांगितलेले मी सोडले नाही. माडगूळकरांकडून हे घेतले की रोज सकाळी वीस मिनिटे स्वतःच्या शरीराकडे पाहायला मिळणे ही चैन आहे आणि ती आपल्याला कोणामुळे मिळते याची आठवण ठेवावी. राजेसाहेबांकडून तीनशेचा आकडा घेतला नाही. तळवे घेतले.

आता मी रोज बारा नमस्कार घालतो, कधी सहाच. पहिले दोन गुडघे वाकवून, अंग मोकळे होईपर्यंत. हात टेकले की ते कुठे आहेत याकडे लक्ष. पाऊल मध्ये आले नाही तर हात न हलवता पाऊल दुसऱ्यांदा उचलतो. साष्टांगात पोट जमिनीला लागले तर तो नमस्कार मोजत नाही. नाव घेताना आवाज तुटला तर उभा राहतो, श्वास येऊ देतो. ज्या दिवशी मन थाऱ्यावर नसते त्या दिवशी सहा नमस्कारांत चारदा तळवे सरकतात आणि ते मला सरकल्यानंतर कळते. एवढी प्रामाणिक नोंद दुसरी कोणतीही वही ठेवत नाही.

मागच्या वर्षी औंधला गेलो होतो. संग्रहालय पाहून मूळपीठाच्या पायऱ्या उतरताना खाली गाव, त्यापलीकडे खटावचा कोरडा माळ दिसतो. संस्थान ८ मार्च १९४८ रोजी विलीन झाले, राजेसाहेब १९५१ साली वारले. वयाची ब्याऐंशी वर्षे त्यांनी पुरी केली होती. नमस्कारांमुळे इतके जगले, असे त्यांचे चाहते म्हणतात. ते सिद्ध करता येणार नाही. चित्रकाराच्या काटेकोर डोळ्यांनी त्यांनी लिहून ठेवलेली ती किरकोळ सूचना मात्र कोणालाही उद्या सकाळी करून पाहता येईल, आणि तिची सिद्धता दुसऱ्या कोणाकडे मागावी लागणार नाही.